आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ या म्हणीत संकट आणि उपाय यांच्यातील अंतराची थट्टा आहे. धाराशिव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात मात्र ही म्हण केवळ थट्टेची राहत नाही. ती वस्तुस्थितीचे वर्णन ठरते. रब्बीची ज्वारी निघाली, कडब्याच्या गंजी रचल्या गेल्या आणि उन्हाचा पारा चढू लागला की गोठे, गंजी आणि उसाचे फड जळाल्याच्या वार्ता येऊ लागतात. त्यांचा शेवट बहुधा ठराविक असतो. गावकऱ्यांनी घागरी-बादल्यांनी शर्थ केली, तालुक्याच्या गावाहून बंब निघाला, तो पोहोचेपर्यंत जळायचे ते जळून गेले होते, आणि तलाठ्याने पंचनामा केला. शहरातील वाचकाला ही दोन ओळींची बातमी वाटते. ज्याची गंज जळाली त्याच्या दृष्टीने तिचा अर्थ निराळा असतो. ऐन वैशाखात वैरण गेली म्हणजे मिळेल त्या भावाने जनावरे बाजारात न्यावी लागतात. जनावरे गेली म्हणजे दुधाचा रोजचा पैसा जातो. आणि पुढच्या मृगात पेरणीसाठी पुन्हा सावकाराचे दार दिसू लागते. कोरडवाहू शेतकऱ्याची वर्षाची घडी अर्ध्या तासाच्या आगीत विसकटते.

तेव्हा अग्निशमन सेवेचे आधुनिकीकरण हा केवळ उंच इमारतींच्या महानगरांचा प्रश्न आहे, ही समजूत प्रथम दूर करावयास हवी. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ५७ हजारांच्या घरात होती आणि तीतील शंभरातील सुमारे त्र्याऐंशी माणसे खेड्यांत राहणारी होती. या त्र्याऐंशी जणांच्या हाकेला कोणी, किती वेळात आणि कोणाच्या खर्चाने धावावयाचे, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आजच्या व्यवस्थेत स्पष्टपणे लिहिलेले नाही.

घटनेतील एक रिकामी जागा

अग्निशमन ही आपल्याकडे परंपरेने नगरपालिकांची जबाबदारी आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी स्वराज्य संस्थांची जी अठरा कामे नमूद केली आहेत, त्यांत सातवे काम ‘अग्निशमन सेवा’ हे आहे. त्याच सुमारास त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने पंचायतींसाठी जी अकरावी अनुसूची जोडली, तीत एकोणतीस विषय आहेत. शेतीपासून ग्रंथालयांपर्यंत अनेक विषयांचा तीत समावेश आहे; अग्निशमनाचा नाही. ही लेखनिकाची चूक नव्हे. आग ही शहराची व्याधी आहे, दाटीने वसलेल्या पेठांना आणि गिरण्यांना तिचे भय, या जुन्या कल्पनेचे ते प्रतिबिंब आहे.

महाराष्ट्रात या कल्पनेची पकड अधिक घट्ट राहिली. शेजारच्या कर्नाटकाने १९६४ साली स्वतंत्र कायदा करून अग्निशमन दल हे राज्य शासनाचे खाते म्हणून उभे केले. तमिळनाडू आणि केरळ येथेही हे दल राज्याचेच आहे. महाराष्ट्राने २००६ साली आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम केला आणि डिसेंबर २००८ पासून तो अमलात आणला. इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने आग विझविण्याची साधने सुस्थितीत ठेवावीत आणि दर जानेवारीत व जुलैत तसे प्रमाणपत्र सादर करावे, असे बंधन त्याने घातले. अग्निसेवा शुल्काचीही तरतूद केली. संचालनालय राज्याचे आहे, सांताक्रूझला राज्याची प्रशिक्षण संस्था आहे, नगरपरिषदांच्या राज्य संवर्गात अग्निशमन सेवेचा समावेशही झाला आहे. परंतु प्रत्यक्ष बंब, त्याचा चालक, त्यावरील माणसे आणि डिझेल यांचा भार अखेर त्या त्या नगरपरिषदेच्या तिजोरीवर राहिला. उमरग्याहून सीमा ओलांडून बसवकल्याण किंवा आळंदकडे गेले की तीच काळी जमीन, तेच पीक आणि तीच माणसे दिसतात; पण तिकडचा बंब राज्याचा आणि इकडचा नगरपरिषदेचा, असा फरक पडतो.

या फरकाचा अर्थशास्त्रीय परिणाम साधा आहे. धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, मुरूम, कळंब, भूम आणि परंडा या आठ नगरपरिषदा आणि लोहारा व वाशी या दोन नगरपंचायती, अशा दहा नागरी संस्था जिल्ह्यात आहेत. यांतील एखाद्या लहान नगरपरिषदेने कर्मचारी नेमले तर पगार तिच्या करदात्यांनी द्यावयाचा, आणि लाभ मात्र भोवतालच्या पन्नास-साठ खेड्यांना व्हावयाचा. ज्या सेवेचा लाभ सीमेबाहेर सांडतो तिच्यावर सीमेच्या आतील संस्था नेहमीच कमी खर्च करते. यात कोणा अध्यक्षाचा वा मुख्याधिकाऱ्याचा दोष शोधण्यात हशील नाही. मालमत्ता कराचे उत्पन्न तोकडे, पाणीपुरवठ्याची देणी थकलेली, अशा संस्थेने आधी नळाचा विचार करावा की बंबाचा? साहजिकच पुष्कळ लहान गावांत गाडी अनुदानातून येते, पण तिच्यावरील माणसे रोजंदारीची वा कंत्राटी राहतात. यंत्र नवे आणि हात कच्चे, असे हे आधुनिकीकरण असते.

अंतराचा हिशेब

अग्निशमनविषयक केंद्रीय स्थायी सल्लागार समितीने घालून दिलेल्या निकषांनुसार वर्दी मिळाल्यापासून शहरात तीन ते पाच मिनिटांत आणि ग्रामीण भागात वीस मिनिटांत पहिली गाडी पोहोचावी, अशी अपेक्षा आहे. त्यासाठी ग्रामीण भागात साधारणपणे पन्नास चौरस किलोमीटरला एक केंद्र असावे असे मान धरले जाते. जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेसात हजार चौरस किलोमीटर आहे. म्हणजे निकषाप्रमाणे दीडशे केंद्रे हवीत. एका जागेवर चोवीस तास माणूस हजर ठेवावयाचा तर पाळ्या, रजा आणि सुट्या धरून चार माणसे नेमावी लागतात. एका गाडीवर सहा जण धरले तर केंद्रामागे चोवीस आणि दीडशे केंद्रांसाठी छत्तीसशे पगारी माणसे होतात. हा हिशेब कागदावर मांडला की तो तेथेच सोडून द्यावा लागतो. एवढा खर्च ना जिल्हा करू शकेल, ना राज्य.

परंतु हिशेब येथेच थांबवणे योग्य नव्हे. दहाही नागरी संस्थांत दिवसरात्र सज्ज असलेली एक गाडी आणि प्रशिक्षित पथक आहे, अशी कल्पना करू. प्रत्येकीच्या वाट्याला सरासरी साडेसातशे चौरस किलोमीटरचा टापू येतो. तो वर्तुळाकार मानला तर त्याची त्रिज्या साडेपंधरा किलोमीटर आणि त्यातील सर्वसाधारण ठिकाणचे केंद्रापासूनचे सरळ अंतर दहा किलोमीटरच्या आसपास भरते. रस्त्याची वळणे धरून ते तेरा किलोमीटर समजावे. ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगाने हे अंतर वीस मिनिटांत कापता येते. अर्थात तालुके वर्तुळाकार नसतात आणि गावे मध्यभागी वसलेली नसतात. टापूच्या कडेच्या गावाला अर्धा तास वा त्याहून अधिक वेळ लागणारच. तरीही या ठोकताळ्यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. जिल्ह्याला दीडशे केंद्रांची नव्हे, तर दहा खऱ्या अर्थाने जिवंत केंद्रांची, कडेच्या भागांसाठी चार-पाच उपकेंद्रांची, आणि पहिली वीस मिनिटे गावानेच सांभाळण्याच्या व्यवस्थेची गरज आहे. ही मागणी आवाक्यातील आहे.

धोके बदलत आहेत

दुसरा मुद्दा भविष्याचा. कडब्याची गंज हा जुना धोका झाला. नवे धोके त्याच्या शेजारी येऊन उभे आहेत. वाशी तालुक्यातील तेरखेडा हे फटाक्यांच्या उत्पादनासाठी महाराष्ट्रभर ओळखले जाते. हंगामी, बव्हंशी गरीब मजुरांच्या हातून चालणारा हा उद्योग आहे आणि स्फोटांच्या दुर्घटना त्याला नव्या नाहीत. शेजारच्या बार्शी तालुक्यात पांगरीजवळच्या फटाका कारखान्यात १ जानेवारी २०२३ रोजी झालेल्या स्फोटात काम करणाऱ्या स्त्रियांचे बळी गेले. सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत १८ मे २०२५ रोजी टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ माणसे दगावली. कारखान्याच्या आवारातच राहणारी कुटुंबे, साठवलेला कापडमाल आणि बाहेर पडण्याच्या अपुऱ्या वाटा हे चित्र मराठवाड्यातील कोणत्याही वाढत्या गावाला परके नाही.

साखर कारखान्यांच्या जोडीला आता मद्यार्क आणि इथेनॉलचे प्रकल्प आले आहेत. मद्यार्काच्या मोठ्या आगीवर नुसते पाणी मारून भागत नाही आणि साधा फेस त्यात विरघळून जातो. त्यासाठी वेगळ्या प्रकारचा फेस लागतो. माळरानांवर सौर पटले पसरली आहेत. ऊन असेपर्यंत त्यांतून वीज वाहतच राहते, याचे भान बंबावरील माणसाला असावे लागते. लिथियमच्या बॅटरीवर चालणारी वाहने पेटली तर विझल्यानंतरही पुन्हा भडकू शकतात. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर गॅसची टाकी वाडी-तांड्यापर्यंत पोहोचली. ती एक मोठी सोय झाली, पण तिच्याबरोबर गळतीच्या वेळी काय करावे हे ज्ञानही तितक्याच दूर पोहोचले असे म्हणता येत नाही. पुणे-सोलापूर-हैदराबाद आणि सोलापूर-धुळे हे दोन राष्ट्रीय महामार्ग जिल्ह्यातून जातात. रस्ते रुंद झाले, वेग वाढला. चेपलेल्या मोटारीतून जखमीला कापून बाहेर काढण्याची यंत्रे प्रत्येक टप्प्यावर हवीत. २०१४ पासून ‘१०८’ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात धावू लागली. पण ती जखमीला रुग्णालयात नेते, पत्रा कापून त्याला सोडवत नाही.

तुळजापूरचा विचार स्वतंत्रपणेच करावा लागेल. शारदीय नवरात्रात आणि अश्विनी पौर्णिमेला लाखो भाविक पायी चालत येतात. पायऱ्या उतरून जावयाचे मंदिर, अरुंद गल्ल्या, तात्पुरती दुकाने, विजेच्या उघड्या जोडण्या आणि प्रसादाच्या भट्ट्या असा तेथील यात्रेचा नकाशा असतो. येथे बंब किती मोठा आहे यापेक्षा तो आत शिरू शकतो की नाही हे महत्त्वाचे ठरते. लहान गाड्या, दुचाकीवरील पथके आणि गर्दी मोकळी करण्याचे शास्त्र यांची तेथे गरज आहे. येरमाळ्याच्या चैत्री यात्रेलाही हेच लागू पडते.

रुग्णालयांचे उदाहरण तर ताजेच आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा अर्भके गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी अहिल्यानगरच्या (तेव्हाच्या अहमदनगरच्या) जिल्हा रुग्णालयात अकरा रुग्ण दगावले. बंब उशिरा आला की लवकर, हा अशा ठिकाणी दुय्यम प्रश्न असतो. वीजजोडण्यांची तपासणी कोणी केली, दार कोणाच्या हाती होते, पहिल्या पाच मिनिटांत काय करावे हे परिचारिकांना कोणी शिकविले होते काय, हे प्रश्न आधीचे आहेत. प्रतिबंध ही अग्निशमनाचीच पहिली पायरी आहे, याचा विसर पडता कामा नये.

किल्लारीचा धडा

या जिल्ह्याला आपत्तीची ओळख करून देण्याची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्याबरोबरच तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील उमरगा परिसर आणि आजच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर उद्ध्वस्त झाले. अधिकृत आकड्याप्रमाणे ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीची जड माळवदे झोपलेल्यांच्या अंगावर आली. त्या पहिल्या तासांत ढिगारे उपसणारे हात वाचलेल्या शेजाऱ्यांचेच होते. सैन्य, स्वयंसेवी संस्था आणि शासन पाठोपाठ आले आणि त्यांनी मोठे काम केले, हे खरेच. पण जिवंत माणूस ढिगाऱ्याखालून काढण्याची वेळ अत्यंत थोडी असते, आणि ती वेळ गावाची असते.

त्या भूकंपानंतर महाराष्ट्राने आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे तयार केले, मंत्रालयात नियंत्रण कक्ष उभा राहिला. पुढे २००५ चा केंद्रीय कायदा आला आणि जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरणे स्थापन झाली. आराखडे झाले, पण आराखड्यातील कलम हातात घेऊन धावणारे कायमचे दल जिल्ह्याला मिळाले काय? सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सीना आणि इतर नद्या-ओढ्यांच्या पुराने परंडा व भूम तालुक्यांतील गावे वेढली, तेव्हा लोकांच्या सुटकेसाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि हेलिकॉप्टर यांना पाचारण करावे लागले. त्या दलाचा तळ पुण्याजवळ, राज्याच्या प्रतिसाद दलाचे तळ धुळे आणि नागपूर येथे. अवर्षणप्रवण म्हणून ज्याची नोंद, त्या जिल्ह्याला नौका कशाला हव्यात, असे कोणी म्हटले असते तर त्याला त्या सप्टेंबरपर्यंत हसण्यावारी नेता आले नसते. पाऊस आपला जुना शिरस्ता पाळीत नाही, हे आता गृहीत धरूनच नियोजन केले पाहिजे.

तीन थरांची रचना

म्हणून जिल्ह्यासाठी तीन थरांची रचना सुचविता येते. पहिला थर गावाचा. जर्मनीसारख्या श्रीमंत आणि यंत्रकुशल देशातही अग्निशमनाचा मुख्य भार सुमारे दहा लाख स्वयंसेवक वाहतात; पगारी दले प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. गावोगावी प्रशिक्षित नागरिक असणे हे मागासलेपणाचे लक्षण नव्हे. आपल्याकडेही ‘आपदा मित्र’ योजनेने देशातील साडेतीनशे जिल्ह्यांत स्वयंसेवक घडविण्याचे काम केले आहे. धाराशिवच्या खेड्यात तर एक साधन आधीच उभे आहे. पाणीटंचाईने ट्रॅक्टरला जोडलेली पाण्याची टाकी गावोगावी पोहोचविली. तिच्यावर एक लहान इंजिनाचा पंप, पन्नास मीटर नळी आणि ती वापरू शकणारी दहा माणसे एवढी भर घातली की गावाचा बंब तयार होतो. त्याच्या जोडीला वायरमनचा क्रमांक ठळकपणे लिहिलेला असावा. कारण तारेच्या ठिणगीने लागलेल्या आगीत वीज बंद करणे हेच पहिले काम असते. उन्हाळ्यात कोणत्या विहिरीला, कोणत्या बंधाऱ्याला पाणी आहे, याची नोंद दर महिन्याला ग्रामपंचायतीने ठेवावी.

दुसरा थर तालुक्याचा. दहा नागरी केंद्रांत चोवीस तासांची पथके आणि ढोकी, येरमाळा-तेरखेडा, सास्तूर यांसारख्या ठिकाणी उपकेंद्रे. साखर कारखान्यांकडे कायद्याने स्वतःची आग विझविण्याची साधने असतातच. परस्पर साहाय्याचा लेखी करार करून ती आसपासच्या गावांसाठीही उपलब्ध करता येतील. तिसरा थर जिल्ह्याचा. फेस, नौका, पत्रा कापण्याची यंत्रे, शिडी आणि सरावाचे मैदान जिल्ह्याच्या ठिकाणी असावे. आणि या तिन्ही थरांना जोडणारा एकच दूरध्वनी क्रमांक असावा. ‘११२’ ची व्यवस्था राज्यात सुरू आहे. तीवर आलेली वर्दी त्याच क्षणी जवळच्या बंबापर्यंत जावी, मग तो बंब शेजारच्या तालुक्याचा वा जिल्ह्याचा का असेना.

पैसा कोठून?

या सर्वाला पैसा लागतो, हा आक्षेप रास्त आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने २०२३ साली राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी पाच हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली. महाराष्ट्रासारख्या राज्यांनी खर्चाचा चौथा हिस्सा उचलावयाचा होता. मात्र असा पैसा मुख्यतः गाड्या, इमारती आणि साधने यांवर खर्च होतो. पगार, प्रशिक्षण, इंधन आणि दुरुस्ती हा दरवर्षीचा खर्च त्यातून भागत नाही. एकदा मिळणाऱ्या अनुदानावर कायमची सेवा उभी राहत नाही. म्हणून सज्जतेचा आवर्ती खर्च राज्याने उचलावा आणि नियंत्रण जिल्हा पातळीवर एकत्र करावे, जागा व स्थानिक देखरेख नगरपरिषदांकडे ठेवावी. यामुळे स्वायत्ततेला धक्का बसतो असे मानण्याचे कारण नाही. ज्या सेवेचा लाभ सर्व जिल्ह्याला, तिचा भार एका गावच्या करदात्याने वाहावा यात स्वायत्तता कसली?

‘वर्षातून चार आगी, आणि त्यासाठी चोवीस माणसे बसवून ठेवायची?’ असा प्रश्न हिशेबी मनुष्य विचारील. परंतु या सेवेचे उत्पादन विझविलेल्या आगींच्या संख्येत मोजता येत नाही. ते सज्जतेत मोजावे लागते. सरकारी कोठारातील धान्य दुष्काळ न पडल्यामुळे वाया गेले असे कोणी म्हणत नाही. शिवाय आग नसलेल्या दिवसांत याच माणसांनी शाळा, दवाखाने, मंगल कार्यालये आणि फटाक्यांची कोठारे तपासावयाची आहेत, गावांतील तरुणांना शिकवावयाचे आहे. हे काम नीट झाले तर बंब बाहेर काढण्याचे प्रसंगच कमी होतील.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. नेमका हाच काळ मराठवाड्यात गंजी पेटण्याचा असतो. त्या सप्ताहात हारतुऱ्यांच्या समारंभाबरोबरच प्रत्येक ग्रामपंचायतीत तीन गोष्टी तपासल्या जाव्यात: टाकीवर पंप आहे काय, तो चालविणारी माणसे गावात आहेत काय, आणि विजेच्या लोंबत्या तारा उसावरून हटल्या आहेत काय. दिल्लीच्या अनुदानाची वाट न पाहता जिल्हा परिषद आणि जिल्हा प्रशासन यांना हे येत्या उन्हाळ्यापूर्वी करता येण्यासारखे आहे. बाकीची रचना उभी राहण्यास काही वर्षे लागतील. तोवर वैशाखातील कित्येक गंजी आणि गोठे या तीन गोष्टींवर वाचतील.